जाम गेटजवळची मेसिए रात्र: अंधार उत्तम, पूर्व दिशा झाकलेली

इंदूरहून महू आणि तिथून मंडलेश्वरच्या रस्त्याने घाटाच्या तोंडाशी आलं की अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेलं जाम गेट लागतं. माळव्याचं पठार इथे संपतं आणि खाली निमाड उघडतो. गेटच्या अलीकडे, रस्त्यापासून आत असलेल्या एका शेतावर मार्चमधल्या अमावस्येच्या आसपास रात्रभराचं आकाशदर्शन भरतं. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत मेसिए या फ्रेंच खगोलज्ञाच्या यादीतल्या (एम १ ते एम ११०) तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका अशा ११० वस्तूंपैकी जितक्या साधतील तितक्या बघायच्या, हा त्या रात्रीचा कार्यक्रम. माणशी ९०० रुपये. त्यात चहा, रात्रीची साबूदाणा खिचडी, सकाळचे पोहे आणि आयोजकांच्या चार दुर्बिणी. स्वतःची दुर्बीण आणणाऱ्याला ६००. आमच्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण पूर्वेकडच्या आंब्यांसाठी आहे, त्याबद्दल पुढे.

आधी तारखेचं बघा, कारण इथेच बरेच मराठी लोक चुकतात. सूचनेत ‘चैत्र अमावस्या’ असं छापलेलं असतं. मध्य प्रदेशातलं पंचांग पौर्णिमान्त आहे, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो; आपल्या घरातलं, पुण्या-मुंबईहून आलेलं कॅलेंडर अमान्त, म्हणजे महिना अमावस्येला संपतो. त्यांची चैत्र अमावस्या म्हणजे आपली फाल्गुन अमावस्या, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसांतली. आपल्या कॅलेंडरात चैत्र अमावस्या शोधून गेलात तर बरोबर एक महिना उशिरा पोहोचाल, आणि तोवर मीन राशीतली एम ७४ ही दीर्घिका सूर्याच्या उजेडात बुडालेली असेल. आयोजकांनी इंग्रजी तारीख ठळक छापावी. तोवर नोंदणी करताना फोनवर विचारून घ्या.

जागेची निवड मात्र मनापासून आवडली. इंदूर, महू आणि पिथमपूर या तिन्हींचा उजेड उत्तरेच्या बाजूला राहतो आणि दक्षिण मोकळी मिळते. पठाराच्या कडेवर असल्यामुळे दक्षिणेचं क्षितिज नजरेच्या खाली आहे. महेश्वर-मंडलेश्वरचे दिवे अगदी क्षितिजालगत दिसतात, त्याच्या वर आकाश काळंच. काळोख पडल्यावर कर्केतला एम ४४, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या मधला पुंजका, साध्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा लगेच सापडतो. इंदुरात राजवाड्याच्या आसपासच्या गच्चीवरून तो शोधायलाही दुर्बीण लागते. पश्चिमेला मावळतीच्या जागेवरून कृत्तिकांच्या दिशेने वर चढणारा झोडिअॅकल लाइटचा, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचा, फिकट शंकूही ओळखू येतो. मार्चच्या संध्याकाळी सूर्यमार्ग क्षितिजाशी जवळजवळ उभा असतो, म्हणून तो याच दिवसांत चांगला दिसतो.

आता संध्याकाळचा तास. इथे ज्याची तयारी कमी पडते त्याची यादी पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन-तीन वस्तूंनी लंगडी होते. सूर्य साडेसहाच्या थोडं पुढे मावळतो आणि पूर्ण काळोख व्हायला पावणेआठ-आठ वाजतात. तेव्हा एम ७४ पश्चिमेला जेमतेम दहा अंशांवर असते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीइतकी वर. तिमिंगलातली एम ७७ वीसेक अंशांवर असते, तिला थोडी सवड आहे. म्हणून आधी एम ७४, मग एम ७७, मग त्रिकोणातली एम ३३, आणि लगेच देवयानीतली एम ३१ तिच्या दोन सोबतिणींसह, कारण तीही नऊ अंशांपर्यंत उतरलेली असते. एम ७४ आणि एम ३३ या दोघींचा उजेड मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला आहे. त्यामुळे कमी वर्धनाची, २५ मिलिमीटरची आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावून, नजर थोडी बाजूला ठेवून बघायचं. मोठं वर्धन लावलं की त्या विरून जातात आणि माणूस ‘दुर्बीणच बरोबर नाही’ म्हणून मोकळा होतो.

हे सगळं काळोख पडायच्या आत जुळवून ठेवावं लागतं. दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत तापलेला आठ इंची आरसा हवेच्या तापमानाला यायला पाऊण तास ते तासभर घेतो. तोवर तारे उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखे हलतात. आरशांची जुळवणी उजेडातच तपासा. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) आधी दूरच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर आणि मग व्याधाच्या ताऱ्यावर नेमका करा. म्हणजे साडेपाचपर्यंत शेतावर पोहोचायला हवं. आयोजक ‘सहा ते सात’ असं कळवतात. ते नुसतं बघायला येणाऱ्यांना ठीक आहे, दुर्बीणवाल्यांना नाही.

पश्चिमेबद्दल एक गोष्ट आयोजकांच्या हातात नाही, तरी सांगायला हवी. हे दिवस गव्हाच्या कापणीचे. कुठे ना कुठे नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली खुंटं, पेटवलेली असते आणि तिचा धूर संध्याकाळी थंड हवेत खाली बसतो. क्षितिजालगतचे आठ-दहा अंश तपकिरी होतात, आणि एम ७४ नेमकी तिथेच असते. पश्चिमेला धुराची पट्टी दिसली तर एम ७४च्या मागे वीस मिनिटं घालवू नका, थेट एम ७७ वर जा.

अंधाराची शिस्त ही या ठिकाणची खरी जमेची बाजू आहे. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक पांढरा झोत ते सगळं पुसून टाकतो. इथे फाटकावरच प्रत्येकाच्या टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन थर लावून देतात. एक थर पुरत नाही, त्यातून गुलाबी उजेड येतो. हे ज्याला माहीत आहे त्यानेच ही व्यवस्था केली असणार. मोबाइलच्या पडद्यासाठी तोच कागद रबरबँडसह मिळतो. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या अॅपचा रात्रीचा लाल पडदासुद्धा पूर्ण उजळ ठेवला तर त्रास देतो, त्यामुळे ब्राइटनेस सगळ्यात खाली आणून वर कागद लावायचा. कागदी नकाशा आणणार असाल तर दीर्घिका लाल शाईत छापलेला नकाशा आणू नका; लाल उजेडात त्या खुणा कागदावरून नाहीशा होतात. स्वयंपाकाची शेगडी पत्र्याच्या आडोशाला आहे, स्वच्छतागृहाच्या वाटेवर गुडघ्याखाली लाल दिव्यांची माळ. ‘काका, जरा डावीकडून, इथे स्टँडचा पाय आहे,’ असं हळू आवाजात सांगणारी मुलं मैदानात फिरत असतात आणि कोणावर ओरडत नाहीत.

ही शिस्त वाहनतळावर मात्र ढिली पडते. गाड्या मैदानाला लागूनच उभ्या करतात. उशिरा आलेली एक गाडी रिव्हर्स घेते तेव्हा तिचे पांढरे दिवे सगळ्या मैदानावरून फिरतात आणि पुढचा अर्धा तास सगळ्यांचा जातो. रिमोटने कुलूप उघडलं की चारही इंडिकेटर चमकतात, दार उघडलं की छताचा दिवा लागतो. गाडी तोंड बाहेर करून लावा, छताचा दिवा बंद करा, डिकीच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी मारा, आणि रात्री लागणारं सगळं सामान आधीच बाहेर काढून कुलूप किल्लीने लावा. आठनंतर येणाऱ्यांसाठी रस्त्यालगत वेगळी जागा ठेवली तर हा प्रश्न उरणारच नाही. शेतात तेवढी जागा आहे.

आयोजकांच्या दुर्बिणी: दोन आठ इंची डॉब्सोनियन (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणी), एक बारा इंची, आणि मोटरच्या माउंटवर ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण. चारही नीट राखलेल्या आहेत, आरसे स्वच्छ, फाइंडर जुळलेले. अडचण रांगेची आहे. आठ इंचीची नाभीय लांबी १२०० मिलिमीटर. २५ची आयपीस लावली की ४८ पट वर्धन आणि साधारण एक अंशाचं क्षेत्र मिळतं. विषुववृत्ताजवळची वस्तू ते क्षेत्र चार मिनिटांत ओलांडते. दहाची आयपीस लावून १२० पट केलं की जेमतेम पावणेदोन मिनिटं. एकेक माणूस अर्धा मिनिट बघतो असं धरलं तरी तिसऱ्या-चौथ्या माणसाला वस्तू कडेला गेलेली दिसते आणि त्यापुढच्याला नुसतं काळं आकाश. संकोचाने तोही ‘हो, दिसलं’ म्हणतो. एका आठ इंचीवर बसलेला मुलगा दर दोघांनंतर स्वतः बघून नळी सरकवत होता. दुसऱ्यावर हे होत नव्हतं. रांगेत उभं राहण्याआधी एवढं पाहून घ्या. चष्मा फक्त जवळच्या-लांबच्या नंबरचा असेल तर काढून फोकस फिरवून घ्या. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा राहू द्या. आयपीसला हात लावू नका, डोळा न्या. लहान मुलांसाठी बारा इंचीजवळ दोन पायऱ्यांचा स्टूल आहे, पण त्याचे पाय मऊ मातीत रुततात. खाली फळी हवी.

दहा ते दोन हा रात्रीचा सगळ्यात श्रीमंत भाग. कन्येतल्या दीर्घिकांची गर्दी याच वेळी डोक्यावर येते. तिथे वाट चुकणं अगदी सोपं, कारण एक धूसर ठिपका दुसऱ्यासारखाच दिसतो. उत्तरा फाल्गुनीचा तारा आणि कन्येतला व्हिंडेमियाट्रिक्स यांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य धरा. तिथे एम ८४ आणि एम ८६ एकाच क्षेत्रात येतात. तिथून एकेक क्षेत्र सरकत एम ८७, एम ८९, एम ९० असं जायचं, आणि हरवलात तर पुन्हा एम ८४ वर यायचं. मधूनच उडी मारायला गेलं की सगळी गणती बिघडते. इथे दुर्बिणीमागच्या मार्गदर्शक ताईंनी घाई केली नाही. प्रत्येकाला मार्कारियनच्या साखळीवरून, म्हणजे एम ८४-एम ८६ पासून निघणाऱ्या दीर्घिकांच्या ओळीवरून, संथपणे नळी फिरवून दाखवली.

आणि याच वेळी यादीबाहेरचं बघायला मागा. हे ठिकाण दक्षिणेच्या मोकळ्या क्षितिजासाठी निवडलेलं असूनही कार्यक्रमात दक्षिणेला फार कमी वेळ दिला आहे, याचं वाईट वाटतं. संध्याकाळी अगस्त्य पंधरा अंशांवर असतो. एकच्या सुमारास त्रिशंकू उभा राहतो. त्याचा तळाचा तारा क्षितिजापासून चार-साडेचार अंशच वर येतो, म्हणजे इंदूरच्या गच्चीवरून तो इमारतींमागे गेलेला असतो. दोनच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी वीस अंशांवर येतो. आपल्या आकाशगंगेतला हा सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ. साध्या डोळ्यांना अस्पष्ट ताऱ्यासारखा दिसतो. बारा इंचीत बघाल तर काळ्या कापडावर पिठी रवा सांडावा तसे कण, मध्यापर्यंत सुटे सुटे, आणि क्षेत्राच्या कडेपर्यंत पसरलेले. मेसिएने पॅरिसहून आकाश पाहिलं, त्यामुळे हा त्याच्या यादीत नाही. आपल्याला तो घाटावर बसून मिळतो. शौरीतला एम १३ त्यानंतर बघितलात तर तो लहान वाटेल, म्हणून एम १३ आधी उरकून घ्या.

फोटो काढणाऱ्यांची जागा वेगळी आहे, शेताच्या उत्तर टोकाला. उजेडाची बाजू त्यांना दिली हे पटलं नाही, पण लॅपटॉपचे पडदे बघणाऱ्यांपासून दूर राहिले हे खरं. विजेचा एकच बोर्ड आहे. माउंटसाठी स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी आणा. हिरवा लेझर नऊनंतर बंद, आणि तो फक्त मार्गदर्शकाच्याच हातात. योग्य नियम.

खाणं चांगलं. खिचडी गरम आणि मोकळी, पोह्यांवर जीरावन मसाला आणि शेव सढळ. चहाचा ग्लास आयपीसजवळ नेऊ नका, वाफ लगेच काचेवर बसते. स्वच्छतागृह एकच आहे, चाळीस-पन्नास माणसांना कमी पडतं. शब-ए-माळवा, म्हणजे माळव्याची रात्र, कितीही सुखाची असली तरी कडेवर तीननंतर वारा सुटतो; स्वेटर आणि कानटोपी हवीच. पायात बंद बूट घाला. शेत आहे, सापाकिरड्याचा काळ सुरू होतो.

आता पूर्व. पहाटे सव्वापाचला उजाडायला लागतं. त्या वेळी रात्रीच्या क्रमातला शेवटचा, मकरेतला एम ३०, आग्नेयेला क्षितिजापासून पाचेक अंशांवर असतो. पण मैदानाच्या पूर्वेला दहा-बारा मीटर उंचीच्या आंब्यांची रांग आहे, मैदानाच्या मधून साठेक मीटरवर. म्हणजे तिकडचं दहा-अकरा अंशांचं आकाश गेलंच. एम ३० झाडांवर येईपर्यंत पावणेसहा होतात आणि तोवर आकाश इतकं निळसर झालेलं असतं की तो सापडत नाही. रात्रभर जागून १०९ झालेला माणूस शेवटचा अर्धा तास आंब्याच्या फांद्यांकडे बघत घालवतो. झाडं कोणी तोडू नयेत, तोडायची गरजही नाही. रांग विहिरीपाशी संपते. विहिरीच्या दक्षिणेला उभं राहिलं की आग्नेयेचं क्षितिज जवळपास मोकळं मिळतं, पण आयोजक दुर्बिणी मैदानाच्या मधोमध लावतात आणि मध्यरात्रीनंतर हलवत नाहीत. तिथे सात-आठ स्टँडपुरतीच सपाट जागा आहे, त्यामुळे ११० चा बेत असेल तर नाव नोंदवतानाच ‘विहिरीच्या पलीकडे’ असं सांगून ठेवा आणि संध्याकाळी साडेपाचला पोहोचल्याबरोबर तिथेच स्टँड उघडा.