पासवर्ड बदलला, तरी तो आत होताच

सोलापुरात साखर पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं छोटं होलसेल दुकान आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत हुबळीच्या जुन्या पार्टीचा फोन आला, "शेठ, नव्या खात्यात पैसे टाकले बघा." कुठलं नवं खातं? त्यांना व्हॉट्सॲपवर आमचंच बिल गेलेलं. बिल नंबर, गठ्ठे, जीएसटी, सगळं बरोबर; बँक खातं तेवढं परक्याचं. ८६,४०० रुपये गेले. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर लगेच फोन केला म्हणून त्यातले थोडे तरी बँकेत अडकून राहिले.

बिलं बाहेर गेली कशी? राउटरमध्ये जोडलेल्या मोबाइल-कॉम्प्युटरची यादी दिसते. त्यात एक लॅपटॉप आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. बिलांचं फोल्डर मी सोयीसाठी सगळ्यांना उघडं ठेवलं होतं, ती चूक माझी. वायफायचा पासवर्ड बदलला. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत हजर! मग दुकानातल्या पोरांवर संशय घेतला. त्याची आजही लाज वाटते.

राउटर बसवणाऱ्याने दिवाळीआधी 'सिक्युरिटी सेटिंग'चे वेगळे २,५०० घेतले होते. डब्ल्यूपीए२ म्हणजे वायफायचं पक्कं कुलूप, वर वीस अक्षरी पासवर्ड, "कुणाच्या बापाला तुटणार नाही." खरंच, पासवर्ड तुटला नाहीच. त्याने डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने वायफायला जोडायची सोय, चालू ठेवलं होतं, आणि राउटरही जुनाच गळ्यात मारला होता.

भाच्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. डब्ल्यूपीएसचा पिन आठ अंकी, म्हणजे वाटतं दहा कोटी शक्यता. पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरूनच निघतो. वर पहिले चार अंक बरोबर आहेत की नाही, हे राउटर आधीच सांगून टाकतो. राहिले पहिल्या चार अंकांचे १०,००० अधिक पुढच्या तीन अंकांचे १,००० प्रयत्न; प्रोग्रॅम लावून ठेवला की काही तासांचं काम. पिन सापडला की राउटर चालू पासवर्ड स्वतःच हातात देतो, मग तो कितीदा का बदला. ही खोट २०११ च्या डिसेंबरातच जाहीर झाली होती. आमच्या इंजिनिअरसाहेबांपर्यंत पोचली नसावी, किंवा पोचूनही २,५०० सुटले नसावेत.

सेटिंगमध्ये डब्ल्यूपीएस बंद करून बघा. काही जुन्या राउटरवर बंद दाखवतं, पण पिन चालूच राहतो, म्हणून आम्ही राउटरच बदलला. बिलांच्या फोल्डरला कुलूप लावलं. हुबळीची पार्टी अजून माल घेते. पैसे टाकण्याआधी मात्र फोन करून खात्याचे शेवटचे चार आकडे माझ्याकडून वदवून घेते.