चिचेन इत्सा: गेटच्या आधीच चार हजार पेसोंना बुडालो

लिहायला लाज वाटते, पण ओळखीतलं एक कुटुंब मेक्सिकोतल्या कानकुनला निघालंय, म्हणून लिहितो. आम्ही लेकीकडे ह्यूस्टनला आलो होतो. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, म्हणून चौघं कानकुनहून चिचेन इत्साला, माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष बघायला गेलो. भाड्याची गाडी, चालवायला जावई.

चिचेन इत्साजवळच्या पिस्ते गावाच्या अलीकडे केशरी जाकीटवाला एक जण झेंडी हलवत रस्त्यात आला. गळ्यात ओळखपत्र. छत्रीखाली टेबल, कार्डाचं मशीन. "पुढे पार्किंग फुल्ल, तिकीट इथेच." माणशी 950 पेसो, चौघांचे 3,800, पार्किंगचे 200. झाले 4,000 पेसो, म्हणजे अठराएक हजार रुपये. मनगटाला कागदी पट्टे बांधून दिले.

तुम्ही म्हणाल, एवढं कळलं नाही? अहो, शिर्डीच्या वेशीवर मोटरसायकल आडवी घालणाऱ्या पोरांना मी काच खाली न करता कटवतो. इथे फसलो ते आधी वाचून गेल्यामुळे! चिचेन इत्साला खरोखरच दोन तिकिटं लागतात: एक युकातान राज्याचं, एक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं. तो म्हणाला, हे राज्याचं, दुसरं गेटवर. झालं, माझा विश्वास बसला.

आणि डोळ्यांसमोर काय चाललं होतं? युकातानच्या नंबरप्लेटच्या गाड्या वेग कमी न करता निघून जात होत्या. थांबत होत्या फक्त भाड्याच्या. लेक म्हणालीसुद्धा, "बाबा, ते का नाही थांबत?" मी ऐटीत सांगितलं, मेक्सिकन लोकांना फुकट असतं. असतं, पण रविवारी. त्या दिवशी गुरुवार होता. हे आठवलं की अजून झोप उडते.

गेटवरच्या बाईंनी पट्टे बघून नुसती मान हलवली. दोन्ही तिकिटं पुन्हा काढली. पार्किंग अर्धं रिकामं! कुकुल्कान देवाच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की क्वेट्झल पक्ष्यासारखा चिरका प्रतिध्वनी येतो. गाइड हौसेने वाजवून दाखवत होते. मला मात्र कोणीतरी खिदळतंय असंच वाटत होतं. वर चढायला बंदी, म्हणून खालूनच 91 पायऱ्या मोजल्या.

रस्त्यात वर्दीतला पोलीस सोडून कोणासाठीही थांबू नका. तिकीटखिडक्या गेटवरच आहेत. सकाळी आठला उघडतं, तेव्हाच पोचा. कानकुनचं घड्याळ चिचेन इत्सापेक्षा एक तास पुढे असतं, त्याचा फायदा घ्या.

तक्रार केली, तर गेटवरचा पोलीस म्हणे, हमरस्ता आमच्याकडे नाही. चौकीत तासभर बसवलं, मग म्हणे स्पॅनिशमध्ये लिहून आणा. जावयाने मोबाइलवरून भाषांतर करून लिहिलं, तोवर साहेब जेवायला गेलेले. पोच द्यायला कोणीच नाही.

मग बँक. रोमिंगवर 22 मिनिटं नुसतं संगीत. "सर, पिन तुम्हीच टाकला ना? मग हा फ्रॉड नाही, डिस्प्यूट आहे. सेवा न मिळाल्याचा पुरावा पाठवा." न मिळालेल्या गोष्टीचा पुरावा काय पाठवू, रिकामी पिशवी? पावती पाठवली. पावती हातात पडताच वाचा हो! माझ्या पावतीवर तिकीट नव्हतं, 'टूर' छापलं होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. "सर, तुम्ही चिचेन इत्सा बघितलंत का?"

"बघितलं."

"मग सेवा मिळाली ना, सर."