शोनबर्ग यांच्या हस्तलिखितांच्या सहवासात सात महिने

विसाव्या शतकातील संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या नावाने व्हिएन्नात असलेल्या शोनबर्ग सेंटरचा डिजिटल संग्रह मी गेले सात महिने जवळजवळ रोज उघडतो आहे. शोनबर्ग यांची हस्तलिखिते, पत्रे, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे हा सारा ठेवा १९९८ साली लॉस एंजेलिसहून त्यांच्या जन्मगावी परत आला आणि २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत त्याचा समावेश झाला. स्वरलेखनाची हजारो पाने घरबसल्या, विनामूल्य पाहता येतात.

माझा सर्वाधिक वेळ पियानोसाठीच्या ‘सुइट’वर, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या मालेवर (ओपस २५, १९२१-२३) गेला. आरंभापासून अखेरपर्यंत बारा स्वरांच्या एकाच मालिकेवर (सप्तकातले बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने) उभी असलेली ही त्यांची पहिली रचना आहे. छापील प्रत समोर ठेवून तिचा पहिला तुकडा, प्रेल्यूड, वाजवताना उजव्या हातातली मालिका सलग सापडत होती, डाव्या हाताचा हिशेब मात्र काही केल्या जुळत नव्हता. मसुद्यांत शोनबर्ग यांनी मालिकेचे चार-चार स्वरांचे तीन गट पाडलेले दिसले, तेव्हा उलगडा झाला की डाव्या हातात दुसरा आणि तिसरा गट एकामागून एक न येता एकाच वेळी वाजतात. मूळ मालिकेचे शेवटचे चार स्वर उलटे वाचले, तर जर्मन स्वरनामांत संगीतकार बाख यांचे नाव (B-A-C-H) उमटते. तंबोऱ्याच्या षड्जावर कान तयार झालेल्या माझ्यासारख्याला या संगीतात पाय टेकायला जागा मिळत नसे. ती मला त्या कागदांवर मिळाली.

ध्वनिमुद्रणांत शोनबर्ग यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकल्यानंतर त्यांचे लेखन वाचताना वाक्यांचा ठेकाच बदलतो. कोलिश क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाने १९३६-३७ च्या हिवाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये शोनबर्ग यांच्या अशा संचासाठीच्या चारही रचनांचे (क्वार्टेटांचे) ध्वनिमुद्रण केले होते. तेही सोबत जरूर ऐकावे.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यात बेलमाँट या शोनबर्ग-प्रकाशनसंस्थेचा छापील स्वरलिप्यांचा साठा जळाला, तेव्हा मी पहिल्यांदा या संग्रहाकडे वळलो. व्हिएन्नातली मूळ हस्तलिखिते सुरक्षित होती.

जर्मन येत नसेल तरी स्वरलेखन वाचता येते. पत्रांचे तसे नाही. त्यांतील बरीच जुन्या जर्मन कुर्रेंट लिपीत आहेत. सध्या मी त्या लिपीची मुळाक्षरे गिरवतो आहे.