घरबसल्या ऑलिंपिक खेळ: टीव्ही, फायबर आणि छोटा यूपीएस, काही महिन्यांच्या वापरानंतर

जोडणी साधी आहे: ५५ इंची स्मार्ट टीव्ही, फायबरची लाइन, राउटरला छोटा यूपीएस आणि स्ट्रीमिंग अ‍ॅप. नेमबाजीचे वर्ल्ड कप, बॅडमिंटन, अ‍ॅथलेटिक्सची डायमंड लीग असं सगळं यावर बघून झालंय, पुण्याचा पावसाळा धरून. हौशी प्रेक्षकाला एकच सांगणं: टीव्हीवर खर्च करण्याआधी लाइन आणि वीज पक्की करा.

इथल्या टू बीएचकेत सोफा भिंतीला लावला की स्क्रीन साधारण आठ फुटांवर येते. तिथून ४३ इंचावर खेळ कळतो, पण कोपऱ्यातला स्कोअर वाचताना डोळे ताणावे लागतात. स्क्रीनच्या कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवा. ५५ इंचाला ते सात-आठ फूट येतं.

टीव्ही लावल्या लावल्या मोशन स्मूथिंग बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण ते पिक्चर सेटिंग्जमध्येच सापडतं. दोन फ्रेमच्या मधली फ्रेम टीव्ही अंदाजाने बनवतो. धावणारा माणूस त्यात निभावतो. स्मॅशचं शटल मात्र इतकं लहान आणि वेगवान असतं की अंदाज चुकतो. मग शटल मध्येच गायब होतं, नाहीतर दोन दिसतात. स्पोर्ट्स मोडही नको. त्यात शार्पनेस इतका चढवलेला असतो की कोर्टच्या रेघांना पांढरी किनार येते आणि लाइन कॉल बघण्यातली मजाच जाते. स्टँडर्ड मोड ठेवून शार्पनेस उतरवला की काम झालं.

टीव्ही वायफायवर ठेवायचाच असेल तर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. सोसायटीत शेजारपाजारचे सगळे राउटर २.४ वर गर्दी करतात. लॅन केबल सगळ्यात उत्तम. टीव्हीचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी चालतं, फोर-के स्ट्रीमला त्याच्या पाव हिश्श्याइतकंच लागतं.

यूपीएस घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात. पिनही जुळवा: ५.५ मिलिमीटरच्या जाड पिनमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं, आणि चुकीची पिन ढिली बसून राउटर सारखा रीस्टार्ट होतो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुट हवेत. एवढं करूनही लाइट गेल्यावर नेट गेलं, तर जिन्यातला ऑपरेटरचा स्विच, म्हणजे घराघरांत नेट वाटणारा डबा, विजेवर चालतोय असं समजा. थेट घरापर्यंत काचेची फायबर येत असेल तर मधल्या स्प्लिटरला, म्हणजे लाइन वाटणाऱ्या जोडाला, वीज लागत नाही. कनेक्शन घेतानाच हे विचारा. टीव्ही इन्व्हर्टरवर नसेल तर तेवढा वेळ मोबाइलवर बघता येतं. वादळात फांदी पडून केबलच तुटली तर मात्र हॉटस्पॉटशिवाय गत्यंतर नाही.

गुरुवार म्हणजे पुण्यात वीजदुरुस्तीचा वार. स्वप्नील कुसळेची पॅरिस ऑलिंपिकमधली फायनल नेमकी गुरुवारी होती, १ ऑगस्ट २०२४, आपल्याकडे दुपारी एक वाजता. बालेवाडीत सराव केलेला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा हा नेमबाज ४५१.४ गुणांवर ब्राँझ जिंकला. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन कशी बघायची ते इथे कळतं. त्या फॉरमॅटमध्ये गुडघ्यावर १५, पालथं झोपून १५, मग उभ्याने १५ शॉट होते. चाळिसाव्या शॉटनंतर दोघे बाहेर, पुढे प्रत्येक शॉटला एक. उभ्याने बंदूक सर्वात जास्त हलते, त्यामुळे क्रमवारी तिथेच उलटीपालटी होते. स्वप्नीलही तिथेच वर सरकला. एकूण बेरजेपेक्षा वरच्या आणि खालच्या नेमबाजातला फरक बघत राहा. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, म्हणजे फरक एक गुणाच्या आत असेल तर काहीही होऊ शकतं.

अ‍ॅपची खरी उणीव म्हणजे उशीर. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि प्लेअर दोन-चार तुकडे साठवूनच दाखवायला लागतो. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदन येऊन पडतं. ग्रुप म्यूट करा, स्कोअरची नोटिफिकेशन बंद करा. पॉज केल्यानंतर ‘लाइव्ह’चं बटण दाबलं नाही तर उशीर तसाच राहतो. डिश या बाबतीत बहुधा पुढे असते, पण धो धो पावसात तिचा सिग्नल जातो.

अ‍ॅथलेटिक्सला शक्य तेव्हा त्या प्रकाराची स्वतंत्र फीड निवडा. एकत्रित फीडवर शर्यत लागली की भालाफेक मागे पडते. पॅरिसला नीरज चोप्राच्या सहापैकी पाच फेकी फाउल होत्या, ८९.४५ मीटरची ती एकच फेक चुकली असती तर बघण्यासारखं उरलं काय?

लॉस एंजेलिस २०२८ ला, म्हणजे १४ ते ३० जुलैला, आपण साडेबारा तास पुढे असू. तिथे संध्याकाळी सहाला सुरू झालेली फायनल इथे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसेल. ऑफिस गाठायचं म्हणून रिप्ले बघणार असाल तर अ‍ॅपचं होम पेज उघडू नका, थंबनेलवरच निकाल छापलेला असतो. थेट सर्चमधून त्या खेळाच्या पानावर जा.