रुगर मार्क फोर टार्गेट : सरावासाठी उत्तम, चापाच्या बाबतीत मध्यम

अमेरिकेत छंद म्हणून पिस्तूल नेमबाजी शिकू पाहणाऱ्याने सुरुवात पॉइंट टू-टू बोअरपासून, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या पिस्तुलापासून करावी, याबद्दल रेंजवर फारसा वाद होत नाही. काडतूस स्वस्त असते आणि झटका इतका कमी असतो की गोळी भलतीकडे गेली तर त्याच्यावर दोष ढकलता येत नाही. चाप ओढताना आपलेच मनगट हलले, हे लक्ष्याचा कागद उघडपणे सांगतो. या वर्गातील रुगर कंपनीचे मार्क फोर मी वापरतो. माझ्याकडची आवृत्ती टार्गेट या नावाची, साडेपाच इंची जाड नळीची आणि स्टेनलेस स्टीलची आहे.

या पिस्तुलाचे मूळ १९४९ सालातले आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी कनेक्टिकटमधील साउथपोर्ट येथे आपले पहिले पॉइंट टू-टू पिस्तूल काढले, तेव्हा त्याची किंमत साडेसदतीस डॉलर होती. आज ती किंमत राहिलेली नाही, पण रचनेचा गाभा तोच आहे. गोळी सुटल्यावर येथे नेहमीच्या पिस्तुलासारखी संपूर्ण स्लाइड, म्हणजे वरचे सरकते आवरण, मागे जात नाही. नळीला जोडलेल्या गोल कवचाच्या आत केवळ एक छोटा बोल्ट मागेपुढे सरकतो. पुढची आणि मागची अशा नेम धरण्याच्या दोन्ही साइट त्या स्थिर भागावरच बसवलेल्या असल्याने एकदा जुळवलेला नेम टिकून राहतो, आणि एवढ्या किमतीच्या पिस्तुलाकडून अपेक्षा नसते इतका छिद्रांचा बारीक गट कागदावर उमटतो.

मात्र मार्क फोर विकत घेण्याचे खरे कारण अचूकता नव्हे, कारण ती आधीच्या आवृत्त्यांतही होती. कारण आहे साफसफाई. पॉइंट टू-टूचे काडतूस मुळातच घाण करणारे असते. शिशाची गोळी, तिच्यावरचा मेणासारखा थर आणि अर्धवट जळालेली दारू यांची काजळी बोल्टवर आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या तोंडाशी साचत राहते. मार्क थ्रीपर्यंतची पिस्तुले उघडणे सोपे असले तरी पुन्हा जोडताना हॅमरमागची छोटी दांडी नेमक्या जागी पडेपर्यंत पिस्तूल उलटेसुलटे करत बसावे लागे, म्हणून पुष्कळ जण साफसफाईच टाळत. २०१६ साली आलेल्या मार्क फोरमध्ये मागच्या बाजूला एक बटण दिलेले आहे. मॅगझिन काढावे, बोल्ट ओढून चेंबर रिकामा असल्याची डोळ्यांनी खात्री करावी, सेफ्टी लावावी आणि बटण दाबावे. वरचा भाग पुढच्या बिजागरीवर उचलला जातो आणि बोल्ट हातात येतो. नळीही मागच्या तोंडाकडून स्वच्छ करता येते, त्यामुळे पुढच्या कडेला गजाचे ओरखडे पडत नाहीत.

आता चापाविषयी. कारखान्यातून येणारा चाप जड आहे आणि सुटण्याआधी किंचित खरखरतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात चापाचा किमान भार एक किलो असतो, आणि त्या प्रकारात खेळणारे खेळाडू त्या मर्यादेच्या जवळच राहतात. रुगरचा चाप त्याच्या दुपटीच्या आसपास वाटतो. कॅन्स आणि कागदावर हौसेने गोळ्या झाडणाऱ्याला हे खटकणार नाही. परंतु बुल्सआय सामन्यात, जिथे एका हाताने ५० यार्डांवर सावकाश आणि २५ यार्डांवर दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या असतात, तिथे हा भार प्रत्येक गोळीला जाणवतो. व्होल्क्वार्टसेनसारख्या कंपन्यांचे सुटे भाग बसवून तो हलका करता येतो. तो खर्च धरूनही हे पिस्तूल पार्दिनीसारख्या युरोपीय स्पर्धा-पिस्तुलापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. शिवाय मॅगझिन बाहेर असताना चाप काम करत नाही. ही सुरक्षेची सोय आहे हे मान्य, तरी घरी रिकाम्या पिस्तुलावर चापाचा सराव करणाऱ्याला रिकामे मॅगझिन आत बसवावे लागते.

जुने पिस्तूल घेणाऱ्याने एक गोष्ट अवश्य तपासावी. १ जून २०१७ पूर्वी बनलेली मार्क फोर पिस्तुले कंपनीने परत मागवली होती. सेफ्टी अर्धवट स्थितीत असताना चाप ओढला गेला, तर नंतर सेफ्टी खाली, म्हणजे गोळी झाडण्याच्या स्थितीत, करताच गोळी सुटण्याचा धोका त्यांत होता. दुरुस्ती विनामूल्य होती, पण विकणाऱ्याने ती करून घेतली असेलच असे गृहीत धरू नये. अनुक्रमांक पाहून खात्री करावी.

काडतुसांच्या बाबतीत हे पिस्तूल फार चोखंदळ नाही. ध्वनीच्या वेगाखाली राहणारी ४० ग्रेनची साधी काडतुसे त्याला मानवतात. या काडतुसात स्फोटक मिश्रण कडेच्या घडीत पसरलेले असल्याने कुठल्याही ब्रँडच्या पेटीत एखादा बार फुसका निघू शकतो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट ओढावा.

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांनी दुकानात जाण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की अमेरिकी संघराज्य कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकाला बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु रेंजवर भाड्याने पिस्तूल हाती घेणेही या मनाईत येऊ शकते, त्यामुळे आधी वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही; राज्याचे नियम मात्र पाळावे लागतात, आणि न्यू जर्सीसारख्या राज्यात प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा खरेदी परवाना घ्यावा लागतो.

आवृत्ती निवडताना दुकानदार बहुधा लाइट हे रंगीत आणि सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे मॉडेल पुढे करतो. ते हातात छान वाटते, यात शंका नाही. पण एका हाताने नेम धरायचा असेल तर सुमारे १२०० ग्रॅमचे स्टेनलेस टार्गेट घ्यावे, कारण पुढे झुकणारे वजन नळीची थरथर कमी करते आणि दंडाला त्याची सवय काही आठवड्यांत होते. ज्यांना नळीवर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी साइट, लावायची आहे त्यांच्यासाठी वरच्या भागाला तिच्यासाठीची पट्टी, म्हणजे रेल, बसवण्याची छिद्रे तयार असतात.