पॅकेट रेडिओची सुरुवात: लॅपटॉप की टीएनसीची पेटी?

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आलं, दोन मीटर बँडचा हँडहेल्डही (हातात धरायचा रेडिओ) आहे, आता पॅकेट, म्हणजे रेडिओवरून मजकुराचे छोटे तुकडे पाठवणं, करून पाहायचंय. इथे दोन वाटा फुटतात. घरच्या लॅपटॉपच्या साउंड कार्डवर डायर वुल्फ हे सॉफ्टवेअर चालवायचं, नाहीतर वेगळी टीएनसी घ्यायची, म्हणजे मजकुराचे सूर आणि सुरांचा मजकूर करणारी छोटी पेटी. एएक्स.२५ (पॅकेट कसं बांधायचं याचे नियम) काय असतं, १२०० बॉडला (पाठवण्याचा वेग) १२०० आणि २२०० हर्ट्झचेच सूर का, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी दोन्ही वापरलंय, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. शहरातल्या हॅमचा अनुभव वेगळा असू शकतो.

फरक पडतो तो ऐकणाऱ्याचा. शहरात बिघडलं तर कुणीतरी सांगतं, "तुझा आवाज फाटतोय." आमच्याकडे पऱ्हाटी आणि तुरीच्या वर दुसरा अँटेना दिसत नाही आणि नागपूर हँडहेल्डच्या टप्प्यात नाही. म्हणून माझा पहिला भिडू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर. तिथला डिजिपीटर (आलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारं यंत्र) चालू असला की तुमचं पॅकेट तो पुन्हा खाली पाठवतो, आणि आपलाच कॉलसाइन (लायसन्सवरचं रेडिओचं नाव) स्क्रीनवर उमटतो. डॉप्लर, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीचं सरकणं, साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत जातो, एफएमला तेवढा खपतो. पण आपल्या आकाशातून त्याची एक फेरी फार तर दहा मिनिटांची, आणि डोक्यावरून जाणाऱ्या चांगल्या फेऱ्या मोजक्याच. फेरी वाया गेली की वाट बघा.

(एचएफवरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या खालच्या फ्रिक्वेन्सींवरच्या ३०० बॉडचं सध्या मनातही आणू नका. रानडुकरांसाठी वावराला लावलेल्या झटका मशीनची टिकटिक साधारण सेकंदाला एक, आणि पॅकेट त्याहून लांब, म्हणजे प्रत्येकात एखादी टिक घुसणारच.)

लॅपटॉपच्या बाजूने बोलायचं तर ऐकण्यात तो पुढे आहे, हे मान्यच करायला हवं. डायर वुल्फ एकाच आवाजावर वेगवेगळ्या पद्धतीचे डिकोडर एकाच वेळी चालवू शकतं, त्यामुळे माझी पेटी सोडून देते अशी दबकी पॅकेट्सही ते उचलतं. शिवाय फुकट. येणाऱ्या आवाजाची पातळी आकड्यात दिसते, ती पन्नासच्या आसपास ठेवायची. जोडणीही अवघड नाही: लॅपटॉपचा आवाज माइकसाठी खूप मोठा असतो म्हणून दोन रेझिस्टर लावून कमी करायचा, आणि पीटीटीसाठी (रेडिओचं बोलायचं बटण लॅपटॉपनेच दाबावं म्हणून) यूएसबी-सिरीयलची आरटीएस लाइन ऑप्टोकपलरमधून न्यायची. व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की रेडिओ आपोआप दाबणाऱ्या सोयीवर, मात्र विसंबू नका. पॅकेट संपल्यावरही तो रेडिओ क्षणभर दाबून धरतो आणि तेवढ्यात समोरच्याची पॅकेट मिळाल्याची पावती निघून जाते.

मग अडलं कुठे? आवाजाच्या पातळीवर, तीही जाणाऱ्या आवाजाच्या. लॅपटॉप घरात एकच. त्यावर पोरांचे व्हिडिओ चालतात, सातबारा निघतो, पीकविम्याचा अर्ज भरला जातो. कुणीतरी आवाज वाढवतं, एखादा अपडेट येऊन साउंडची सेटिंग आपल्या मनाने बदलतो, हेडफोन काढून लावला की स्लायडर दुसरीकडेच. हँडहेल्डच्या माइकमध्ये जास्त आवाज गेला की डेव्हिएशन (आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सीचं हलणं) छाटलं जातं, दोन सुरांचा तोल बिघडतो. एएक्स.२५ मध्ये मुळात चूक दुरुस्त करायची सोय नाही. एक बिट हुकला की सीआरसी (पॅकेटसोबतचा पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि अख्खं पॅकेट कचऱ्यात. आणि हे आपल्याला कळत नाही, कारण ऐकायला सगळं नीट येत असतं! इतरांची पॅकेट्स धडाधड स्क्रीनवर, आपलं तेवढं परत येत नाही. बॅटरी उतरली, यागीचा (एका दिशेला रोखायच्या अँटेनाचा) रोख चुकला की डिजिपीटरच बंद? सांगणारं कुणी नाही. शहरात ही बारीकशी कटकट असेल, इथे तिच्यापायी अख्खी फेरी जाते.

पेटीवर त्यासाठी एक ट्रिमपॉट आहे, म्हणजे जाणाऱ्या आवाजाची पातळी ठरवणारा छोटा स्क्रू. पेचकसाने एकदा फिरवला, परत आलेल्या पॅकेटवरून खात्री केली, वर नेलपॉलिशचा थेंब टाकला. त्यानंतर तो हललेला नाही.

बाकीचं थोडक्यात. पेटीला पैसे पडतात, बाहेरून मागवली तर कस्टमचे वेगळे. सुटे भाग आणून जुळवता येत असेल तर स्वस्तात जमतं. बिघडली तर दोन-तीन एलईडींखेरीज ती काही बोलत नाही. मात्र वीज फार थोडी खाते. लाइन गेली तरी माझी पेटी फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिच्या सिरीयलला एचसी-०५ ब्लूटूथ जोडलंय, त्यामुळे फोनवर एपीआरएसड्रॉइड हे पॅकेटचं ॲप लावलं की लॅपटॉप लागतच नाही. गच्चीवर एका हातात यागी धरून उभं राहायचं असतं, तेव्हा हे फार सोयीचं पडतं.

तुमच्याकडे जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय फक्त रेडिओसाठी बाजूला ठेवता येत असेल आणि त्याला घरात दुसरं कुणी हात लावणार नसेल, तर माझी तक्रार बरीचशी गळून पडते. मग डायर वुल्फच बरं म्हणावं लागेल. लॅपटॉप सगळ्यांचा असेल तर मी तरी पेटीकडे झुकेन. ती येईपर्यंत डायर वुल्फ नुसतं ऐकायला लावा. फेऱ्यांच्या वेळा आणि दिशा अंगवळणी पडतात, आणि त्याला पीटीटीची वायरही लागत नाही.