मेट्रिक उडवण्याआधी मिमिरटूल

मेट्रिक म्हणजे सिस्टिमबद्दल सतत मोजला जाणारा आकडा. त्यातलं आमच्या ऑर्डर सर्व्हिसचं रिस्पॉन्स टाइमचं हिस्टोग्राम, म्हणजे उत्तरं किती वेळात गेली याची कप्प्याकप्प्यांतली (बकेटमधली) मोजणी, एकट्यानं १ लाख ६८ हजार सिरीज (लेबलांच्या प्रत्येक जुळणीमागे साठणारी आकड्यांची मालिका) अडवून बसलं होतं. हिशोब साधा आहे. मेट्रिक गोळा करून साठवणाऱ्या प्रॉमिथियसच्या गो भाषेतल्या लायब्ररीत न सांगता मिळणाऱ्या बकेट ११, शेवटची अनंताची धरून १२, त्यावर सम (बेरीज) आणि काउंट (संख्या), म्हणजे १४. आता ४० पॉड (सर्व्हिसच्या चालू प्रती), ६० पाथ (यूआरएलचे पत्ते) आणि ५ स्टेटस कोड घ्या आणि गुणाकार करा. प्रॉमिथियसला किती मेमरी लागणार हे मुख्यतः चालू सिरीजच्या संख्येवर ठरतं. त्यामुळे सणासुदीत पॉड वाढले की ॲपच्या आधी आमचा मॉनिटरिंगचा सर्व्हरच धापा टाकायला लागायचा.

बकेट टाकून द्यायच्या असं ठरलं. त्या कुठल्या डॅशबोर्डवर, म्हणजे आलेखांच्या फलकावर, वापरात आहेत का हे बघायला मी त्याआधी गिटमधल्या डॅशबोर्डच्या सगळ्या जेसॉन फायलींवर ग्रेप (शब्द शोधणारी कमांड) मारला. एकही ओळ आली नाही. मग रिलेबलिंगमध्ये (साठवण्याआधी प्रॉमिथियस लावतं त्या नियमांत) ड्रॉपचा नियम घातला, मर्ज केला, सिरीजचा आलेख खाली आलेला बघितला आणि पुढच्या कामाला लागले.

महिनाअखेरीस सपोर्टमधल्या एका ताईंचा फोन आला. त्यांनी ग्राफानामध्ये (आमचे डॅशबोर्ड दाखवणारं टूल) स्वतःच्या हातानं एक डॅशबोर्ड बनवलेला होता, तो गिटमध्ये कधी आलाच नव्हता. ९५ पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या ९५ विनंत्या किती वेळाच्या आत होतात ते सांगणाऱ्या) त्या आलेखावरून त्या एका मोठ्या ग्राहकाला दर महिन्याला अहवाल पाठवत. सम आणि काउंट शाबूत होते म्हणून सरासरी काढता येत होती, पण बकेटशिवाय पर्सेंटाइल निघत नाही. तीन आठवडे कोरे. आणि ड्रॉप केलेला डेटा मुळात साठवलाच जात नाही, मागाहून आणणार कुठून? मी त्यांची माफी मागितली. बकेट परत चालू केल्या, पाथचं लेबल मात्र गटवार करून घेतलं. त्या महिन्याचा अहवाल अर्धाच गेला तो गेलाच.

त्यानंतर मी मिमिरटूल हातात घेतलं आणि आता सव्वा वर्ष ते नेमानं चालवते आहे.

ग्राफाना लॅब्जनं मार्च २०२२मध्ये मिमिर नावाचा मेट्रिक साठवण्याचा डेटाबेस आणला, त्याच्या सोबतचं हे कमांड लाइनचं टूल. त्याआधी याच घराण्यातलं कॉर्टेक्सटूल होतं. नावामुळे बऱ्याच जणांना वाटतं, की आपल्याकडे मिमिर नाही, मग याचा काय उपयोग? तर तसं नाही. त्यातल्या ॲनालाइझ या कमांडला साधं प्रॉमिथियस आणि साधं ग्राफाना पुरतं. एकच बायनरी, उतरवली की चालते. पैसे पडत नाहीत, सोर्स खुला आहे.

पहिली कमांड ॲनालाइझ ग्राफाना. तिला ग्राफानाचा पत्ता आणि टोकन (प्रवेशाची किल्ली) द्यायचं. ती चालू ग्राफानातला एकेक डॅशबोर्ड उघडते आणि पॅनेलमधल्या (एकेका आलेखाच्या चौकटीतल्या) क्वेऱ्या प्रॉमक्यूएलच्या, म्हणजे प्रॉमिथियसच्या क्वेरी भाषेच्या, पार्सरनं वाचते. माझ्या ग्रेपमध्ये आणि हिच्यात दोन फरक आहेत, आणि दोन्ही मोलाचे. एक, ती गिटमधली नक्कल बघत नाही, लोक प्रत्यक्षात जे बघतात तेच बघते. दोन, ग्रेपला शब्द सापडतो, पार्सरला मेट्रिक सापडतं. पॅनेलच्या शीर्षकात आलेलं नाव, लेबलच्या मूल्यात आलेलं नाव, एका लांब नावाच्या पोटात बसलेलं दुसरं छोटं नाव, यातलं काहीही तिला चकवत नाही. शेवटी एक जेसॉन फाइल मिळते: प्रत्येक डॅशबोर्डचं शीर्षक, त्यातली मेट्रिक, आणि जे वाचता आलं नाही त्याच्या चुका.

दुसरं पाऊल नियमांचं, आणि इथेच लोक घाई करतात. डॅशबोर्डवर बरेचदा मूळ मेट्रिक नसतंच, रेकॉर्डिंग रूलनं (क्वेरीचं उत्तर आधीच काढून नव्या नावानं साठवणाऱ्या नियमानं) तयार केलेलं नाव असतं. मूळ मेट्रिक त्या नियमाच्या फायलीत दडलेलं असतं. अलर्टचंही तेच. आमच्याकडे सर्टिफिकेटची मुदत सांगणारं एक मेट्रिक तीनशेहून जास्त डॅशबोर्डांपैकी एकाही ठिकाणी नव्हतं, आणि तरी रात्री फोन वाजवायचं काम तेच करणार होतं. ॲनालाइझ रूल-फाइल चालवली म्हणून ते कळलं. ही पायरी गाळून कुणी यादी दिली तर ती यादी मी हातात घेत नाही.

तिसरी कमांड ॲनालाइझ प्रॉमिथियस. ती या दोन्ही फायली घेते, प्रॉमिथियसकडे कुठली मेट्रिक आहेत ते विचारते, आणि वापरातली व बिनवापरातली असे दोन ढीग करून देते. प्रत्येकापुढे सिरीज किती आणि कुठल्या जॉबमधून (आकडे देणाऱ्या स्रोतांच्या गटातून) किती हेही येतं. यासाठी ती एकेका मेट्रिकची मोजणी करते, म्हणजे प्रॉमिथियसवर भार येतो. आम्ही पहाटे चालवतो. पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले. आमच्या निम्म्याहून जास्त सिरीजना डॅशबोर्डवर किंवा नियमात कुणी वाली नव्हता.

आता जिथे हात आखडता घ्यावा लागतो ते सांगते. माझा रोजचा प्रश्न असतो, हे मेट्रिक कुठल्या डॅशबोर्डवर आहे? टूल उत्तर देतं ते उलट्या बाजूनं: या डॅशबोर्डवर कुठली मेट्रिक आहेत. फाइल जेक्यूमधून (जेसॉन चाळणारं टूल) उलटी फिरवावी लागते. चार ओळींचं काम आहे, मी त्याची छोटी स्क्रिप्ट करून टीमला दिली आहे, पण शोधण्याची सोय टूलमध्येच हवी होती असं मला मनापासून वाटतं. ऑन-कॉलवर नव्यानं बसलेल्या मुलाला जेक्यू येत असेलच असं नाही.

दुसरं, पार्सच्या चुका आधी वाचा. मेट्रिकचं नाव व्हेरिएबलमधून जोडलेलं असेल, तर ड्रॉपडाउनमध्ये काय निवडलं जाईल हे पार्सरला कळायचा मार्गच नाही. ज्या डॅशबोर्डपुढे चूक लिहिलेली आहे, तो डॅशबोर्ड तपासून झालेला नाही असंच धरायचं आणि डोळ्यांनी बघायचा. आमच्याकडे असे अकरा निघाले. एका दुपारचं काम होतं.

तिसरं, ग्राफानाच्या बाहेर मेट्रिक वापरणारे. कुबरनेटिसमध्ये (पॉड चालवणारी व्यवस्था) केडा किंवा प्रॉमिथियस ॲडॅप्टर वापरून पॉड कमीजास्त होत असतील, तर ते थेट प्रॉमिथियसला विचारतात, डॅशबोर्डवर त्यांचा मागमूस नसतो. तिथली मेट्रिक मी हातानं वेगळ्या फायलीत लिहून ठेवली आहेत आणि ड्रॉप करण्याआधी ती फाइलही तपासते.

मला न मागता मिळालेला एक फायदा. डॅशबोर्ड जी नावं मागतात ती आणि प्रॉमिथियसकडे खरोखर असलेली नावं समोरासमोर ठेवली, तर मेलेली पॅनेल सापडतात. सर्व्हरच्या सीपीयू-मेमरीचे आकडे देणाऱ्या नोड एक्स्पोर्टरनं २०१८मध्ये ०.१६ आवृत्तीत नावं बदलली, नोड सीपीयूचं नोड सीपीयू सेकंड्स टोटल झालं, मेमरीच्या नावांना शेवटी बाइट्स लागलं. आमच्याकडे त्या आधीची नावं मागणारे दोन डॅशबोर्ड अजून होते. रिकामी पॅनेल घेऊन इतकी वर्षं तसेच पडून.

पहिल्यांदा सगळं चालवून झालं तेव्हा मी त्या फायलीत सर्वांत आधी शोधला तो ताईंचा डॅशबोर्ड. नव्हता. टूलवरचा विश्वासच उडायची वेळ आली होती. मग टोकनकडे बघितलं. सपोर्टचा फोल्डर फक्त त्यांच्या टीमला दिसेल असा ठेवलेला होता, आणि ग्राफाना टोकनला दाखवतं तेवढंच टूलला दिसतं. फाइलमध्ये चूक नाही, इशारा नाही, तो डॅशबोर्ड जणू जगातच नाही. टोकनच्या सर्व्हिस अकाउंटला सगळ्या फोल्डरांवर वाचायची परवानगी दिली आणि कमांड पुन्हा मारली. या वेळी डॅशबोर्ड सत्तावीस वाढले, त्यात ताईंचाही होता, आणि त्यात बकेटचं मेट्रिक तीन पॅनेलमध्ये.